शरभ: पशू की दैवत?

शिवनेरीच्या दरवाजांची चढण चढताना, किंवा जंजिऱ्याच्या महाद्वाराशी होडी लागताच, भिंतीवर कोरलेला जो सिंहासारखा, पण बलाढ्य हत्तींना पंजाखाली सहज दाबून धरणारा प्राणी दृष्टीस पडतो, त्याला अभ्यासक शरभ म्हणतात. आणि असा पशू खरोखर कधी होता काय, हा प्रश्न पाहणाऱ्याच्या मनात उभा राहतोच. मला मात्र त्याहून मोलाचा वाटतो तो दुसराच प्रश्न: ज्यांनी शरभाची कल्पना केली, त्यांनी त्याची नोंद सृष्टीच्या दप्तरी केली होती, की देवतांच्या?

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, अन्नपानाचे गुणदोष सांगताना, जांगल पशूंच्या यादीत हरिणांच्या पंक्तीला शरभाचे नाव निःशंकपणे बसविले आहे. म्हणजे वैद्याच्या लेखी तो, ज्याचे मांस रोग्याच्या पथ्यास चालावे असा, चरणारा जीव होता. टीकेत तर तो उंटाएवढा, मोठ्या शिंगांचा, पाठीवर आणखी चार पाय असलेला आणि काश्मीरात प्रसिद्ध असल्याचा दाखला मिळतो. आठ पाय ऐकून आपण दचकतो. पण दूरच्या मुलखातील पशू विलक्षण असावा, यात त्या टीकाकाराला सृष्टिक्रमाचा भंग दिसत नाही. कालिदासाचा यक्षही मेघाला, हिमालयात तुझ्यावर झेप घेऊ पाहणाऱ्या शरभांना गारांचा मारा करून पांगव, असे सांगतो. देवतेविषयी असे कोणी बोलणार नाही.

शांतिपर्वातील कथा याहून बोलकी आहे. ऋषीच्या आश्रयाला असलेला कुत्रा, प्रत्येक वेळी अधिक बलवान शत्रूच्या भयाने, ऋषीच्या कृपेने बिबळ्या, वाघ, हत्ती, सिंह आणि अखेर शरभ होतो, व ऋषीवरच उलटू पाहताच पुन्हा कुत्रा होतो. या कथेत अलौकिक आहे ते ऋषीचे तप. शरभ हा केवळ पशूंच्या बलश्रेणीतील सर्वांत वरचा.

शैव पुराणांत मात्र सारेच पालटते. नृसिंहाचा अनावर क्रोध शमविण्यासाठी शिव शरभरूप धारण करतो, आणि तंजावर प्रांतातील दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरात, 12व्या शतकात, त्या रूपाची मूर्ती घडविली जाते. या शरभाला ना कळप, ना चराऊ रान, ना पिल्ले. कार्यापुरते प्रकट व्हावे आणि कार्य सरताच लुप्त व्हावे, एवढेच त्याचे चरित्र.

म्हणून पाय किती, पंख आहेत की नाहीत, यावरून निवाडा करणे मला मान्य नाही. जो खातो, वाढतो, मरतो, ज्याची शिकार होऊ शकते आणि ज्याला एखादा प्रदेश आपला आहे, तो कितीही अद्भुत असला तरी पशूच. आपल्या दुर्गांच्या दारांवरचा शरभ नृसिंहाशी झुंजत नाही. तो हत्तींवर, म्हणजे शत्रूच्या सैन्यबलावर, मात करतो, आणि तेही पंजांनी व दातांनी. त्याची गणना मी वाघ-सिंहांतच करीन.