काड्या, टिपरी आणि सायकल

दसरा झाला की आमच्याकडे डांबरी रस्त्याचं खळं व्हायचं. मी तेव्हा जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या बाजूला सायकलवर शाळेत जायचो. १९८० चं दशक. बाजरीची कणसं, हुलग्याचे वेल रस्त्यावर पसरलेले असत आणि येणारी-जाणारी एसटी फुकटात मळणी करून जाई. बैलांना वैरण घालावी लागते, एसटीला नाही, इतका साधा हिशेब. सुक्या वेलांवर सायकलचा ब्रेक दाबायचा नसतो, हे मला एका वळणावर कळलं. कोपरावरची खूण अजून आहे. ज्यांचे हुलगे होते त्यांनीच हळद दाबली, गूळ-पाणी दिलं आणि घरापर्यंत सोडलं. मग तक्रार करणार कोणाकडे?

पुढे कुकडी प्रकल्पाचं पाणी फिरलं. येडगाव, माणिकडोह, वडज, आंबेगावात डिंभे ही त्यातली धरणं. पाटाखाली बाजरी मागे पडली. ऊस, द्राक्ष, टोमॅटो, कांदा आला आणि रस्त्याकडेचा कचराही बागायती झाला. चाळीतला सडका कांदा, टोमॅटोच्या बागेतली सुतळी, पुढे मल्चिंगचा कागद. बाजार पडला की टोमॅटोच रस्त्याकडेला. २०२३ च्या जुलैत टोमॅटोला सोन्याचा भाव आला, तेव्हा मात्र शोधूनही एक फळ रस्त्यावर दिसेना.

सायकलवाल्याला सगळ्यात जास्त छळलं ते छाटणीने. द्राक्षबागेची खरड छाटणी एप्रिलमध्ये, गोडी छाटणी ऑक्टोबरमध्ये. दोन्ही वेळा काड्यांचे भारे बांधावरून साइडपट्टीवर येतात. बोटाएवढी जाड काडी, तिरप्या कापाने टोकदार झालेली. ती गवतात दिसत नाही आणि चाकाखाली आली की उसळून थेट आऱ्यांत शिरते. त्यात कुंपण साफ करताना टाकलेली बाभळीची फांदी असली तर पंक्चर ठरलेलं. साइडपट्टी अशी भरली की सायकल डांबरावर चढते आणि मागून ट्रॅक्टर येतो. विघ्नहर आणि भीमाशंकर या दोन साखर कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू झाला की रस्त्यावर उसाची टिपरी सांडलेली असतात. अंधारात त्यांवरून सायकल घसरते ती एखाद्या रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉलीच्या पुढ्यात. कारखाने हंगामाआधी रिफ्लेक्टर लावा म्हणून सांगतात. उसाचे शेंडे खाली लोंबू लागले की लावलेले रिफ्लेक्टरही झाकले जातात.

नियम नव्हते असं नाही. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात कलम ५३ आहे: रस्त्यावरचा अडथळा हटवायचा अधिकार पंचायतीला आहे. त्याच कायद्याने सायकलवर कर बसवायची मुभाही दिली. म्हणजे सायकलवाला कायद्याला आठवला तो करापुरता. दंडसंहितेचं कलम २८३ तर १८६० चं. सार्वजनिक रस्त्यात अडथळा केला तर दंड जास्तीत जास्त २०० रुपये. ब्रिटिश गेले, धरणं झाली, बैलगाडीच्या जागी डबल ट्रॉली आली, तरी आकडा हलला नाही. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता लागू झाली तेव्हा तो कलम २८५ खाली ५,००० रुपये झाला.

मधे २०१६ चे घनकचरा नियम आले. बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवा, रस्त्यावर टाकू नका, जाळू नका, असं त्यांत स्पष्ट लिहिलं होतं. वाचून मला बरं वाटलं. पण ते नियम मुख्यतः शहरांचे होते: जुन्नर नगरपरिषदेला बंधनकारक, आणि वेशीबाहेरच्या बहुतेक गावांना नव्हते. बागा आहेत त्या वेशीबाहेर! संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात, २००० नंतर, गावं खरोखर झाडून निघाली. तपासणीची समिती येऊन गेली की भारे पुन्हा साइडपट्टीवर.

फरक पडला तो काडीला किंमत आल्यावर. ट्रॅक्टरला जोडायचा श्रेडर आला, काड्यांचा भुगा बागेतच पडू लागला. उसाचं पाचट पेटवण्याऐवजी खोडव्याच्या सरीत दाबलं तर पाणी आणि खत दोन्ही वाचतं, हे लोकांना पटत गेलं. वाढ्यांना, म्हणजे उसाच्या शेंड्यांना, तर आधीपासूनच गिऱ्हाईक. हंगामात ऊसतोडणी मजुरांच्या पेंढ्या जनावरांसाठी विकल्या जातात, त्या कोणी रस्त्यावर टाकत नाही. दंडाच्या पावतीने यातलं काही झालेलं मी पाहिलं नाही. लहान बागाइतदाराला मात्र श्रेडरचं भाडं अजून जड जातं आणि उरलेले भारे त्याच्याच बांधाबाहेर दिसतात. श्रेडर पंचायतीने सामाईक घ्यायला हवा. ट्रॅक्टर गावात ढिगाने आहेत.

२०१८ मध्ये जुन्नर हा पर्यटन तालुका जाहीर झाला. आता रविवारी शिवनेरी, नाणेघाटाकडे हेल्मेट घातलेले पुण्याचे सायकलस्वार जाताना दिसतात. त्यांच्याकडे आरसा, मागे लाल दिवा, खिशात पंक्चरचं सामान. सोमवारी सकाळी त्याच रस्त्याने दप्तर कॅरिअरला बांधून पोरी शाळेत जातात, त्यांच्याकडे यातलं काहीच नाही.

यंदा गोडी छाटणी झाली की भारे बांधाच्या आत ठेवा. श्रेडर मिळायला आठवडा लागला तरी चालेल. काडी तेवढ्यात काही पळून जात नाही.