घरगुती बिअर उकळताना भांड्यावर झाकण का नको?

अमेरिकेत १९७९पासून घरच्यापुरती बिअर बनवायला केंद्रीय कायद्याची मुभा आहे. एका वेळी साधारण १९ लिटरचा बेत असतो. मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा, म्हणजे माल्टचा गोड काढा (त्याला ‘वर्ट’ म्हणतात) तासभर खळखळ उकळायचा. उकळी येईपर्यंत झाकण चालते. नंतरही गॅस वाचवायला ते तसेच ठेवले, तर सगळी मेहनत वाया जाऊ शकते.

फिक्या माल्टमधल्या एका घटकापासून उष्णतेने डायमिथाइल सल्फाइड तयार होते. त्याला उकडलेल्या कोबीचा वास येतो. उघड्या भांड्यातून ते वाफेबरोबर जाते. झाकण असले, तर थेंबांवाटे परत काढ्यातच पडते. पिल्सनर माल्ट असेल तर अनेक जण ९० मिनिटे उकळतात, ते यासाठीच.

खरी सावधगिरी पहिल्या उकळीला हवी. प्रथिनांचा फेस दुधासारखा क्षणात उतू जातो, आणि हा चिकट काढा अंगावर आला तर चांगलेच भाजते. भांडे काठोकाठ भरू नये, फेस चढताच आच कमी करावी. कडवटपणासाठीचे हॉप्स फेस बसल्यावर घालावेत. सुगंधाचे अगदी शेवटी.

गॅस बंद केला तरी काढा गरम असेपर्यंत तो कोबीचा वास तयार होतच राहतो. म्हणून तांब्याच्या नळीतून गार पाणी फिरवून काढा झटपट थंड करतात आणि मगच यीस्ट घालतात.