गॅरेजमध्ये घडलेले यंत्रमानव

नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कला बॉनहॅम्सच्या लिलावात ‘रॉबी’ विकला गेला. कमिशन धरून किंमत आली ५३ लाख ७५ हजार डॉलर. १९५६च्या ‘फॉरबिडन प्लॅनेट’ या चित्रपटासाठी एमजीएम स्टुडिओने बनवलेला हा सात फुटी यंत्रमानव. पेपरांत तो आकडा गाजला. विकणारे होते चित्रपट दिग्दर्शक विल्यम मॅलोन. मला महत्त्वाची वाटते ती त्याआधीची चाळीसेक वर्षांची हकिगत. मूळ रॉबी हाती येण्याच्या कितीतरी आधी, सत्तरच्या दशकात, मॅलोन यांनी स्वतःच्या हातांनी पूर्ण उंचीचा दुसरा रॉबी घडवला होता. अस्सल रॉबी तेव्हा कॅलिफोर्नियातल्या ब्युएना पार्कच्या एका संग्रहालयात उभा होता आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या हातांनी त्याची मोडतोड झालेली होती. पुढे मॅलोन यांनी तो विकत घेतला, स्टुडिओकडचे उरलेले सुटे भाग मिळवले आणि त्याला पुन्हा उभा केला. नक्कल करून ज्याचा हात बसला होता, त्याच्याच हातून अस्सल वस्तू वाचली.

अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये सिनेमातले यंत्रमानव बनवणाऱ्यांचा इतिहास मागे पाहत गेलं की पुन्हा पुन्हा हेच दिसतं. म्हणून या लोकांना नुसते ‘हौशी’ म्हणणं मला पटत नाही.

रॉबीच्या घडणीत स्टुडिओतल्या अनेकांचा वाटा होता. पण तो कागदावरून उतरवून प्रत्यक्ष उभा राहील असा करणारे प्रमुख होते रॉबर्ट किनोशिता. जन्म १९१४चा, लॉस एंजेलिसचा. शिक्षण तिथल्याच यूएससीत, आर्किटेक्चरचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना उचलून छावण्यांत टाकलं. त्यांतले बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होते. किनोशिता आणि त्यांची पत्नी ॲरिझोनातल्या पोस्टनच्या छावणीत होते. तिथून सुटून ते विस्कॉन्सिनमधल्या मिल्वॉकीला गेले आणि तिथे प्लास्टिक घडवायचं काम शिकले. प्लास्टिकचा पत्रा तापवून मऊ करायचा, साच्यावर पसरायचा आणि खालून हवा ओढून घ्यायची, म्हणजे तो साच्याला घट्ट चिकटून आकार धरतो. रॉबीचं अंग याच पद्धतीने घडलं. ज्या देशाने त्यांना कुंपणाआड ठेवलं, त्या देशाच्या दोन पिढ्यांनी ‘रोबो’ म्हटल्यावर डोळ्यांपुढे आणलं ते याच माणसाने घडवलेलं रूप. किनोशिता शंभर वर्षं जगले. २०१४च्या डिसेंबरात गेले.

रॉबीच्या आत अर्थात माणूस असायचा. १९६५ ते १९६८ या काळात सीबीएसवर चाललेल्या ‘लॉस्ट इन स्पेस’मधला रोबोही किनोशितांचाच, आणि त्याच्याही आत माणूसच. बॉब मे हे नट ते धूड अंगात घालून ८३ भागांची मालिका पार पाडत. आवाज नंतर डिक टफेल्ड यांचा भरला जाई. रोबो बोलताना छातीवरचा दिवा लुकलुकतो, तो बॉब मे आतून लावत: तारेच्या यंत्राची कळ असते तशी कळ पंजाजवळ बसवलेली होती आणि स्वतः संवाद म्हणता म्हणता ते शब्दागणिक ती दाबत. पाय दिसणार नसतील त्या शॉटला रोबोचा खालचा भाग काढूनच ठेवत आणि मे स्वतःच्या पायांनी चालत. पडद्यावर कुणाला पत्ता लागत नसे. कॅमेऱ्याला एकच बाजू दिसते. बाकीच्या बाजूंना लाकडाच्या पट्ट्या आणि चिकटपट्टी असली तरी चालतं.

घरी बनवणाऱ्याला ही सोय नाही. त्याचा रोबो शेजारचं पोर चारी बाजूंनी फिरून बघणार, बोट लावणार, मागचं झाकण उघडून डोकावणार. म्हणून स्टुडिओने जे भासवलं, ते याला खरं करावं लागतं. या साऱ्या छंदाचं मर्म मला यात दिसतं.

१९७७ साली ‘स्टार वॉर्स’ आला आणि आर-टू-डी-टूने सगळ्यांना वेड लावलं. त्याचंही तेच. दोन पायांवर डुलताना दिसतो तेव्हा आत साडेतीन फुटांच्या आसपास उंचीचे केनी बेकर बसलेले. तीन पायांवर सरकतो तो वेगळा, रिमोटवरचा, आणि ट्युनिशियाच्या वाळवंटात त्याने चित्रीकरणवाल्यांना रडवलं होतं. डोक्यावरची काही तोंडं तर चक्क व्हायकाउंट विमानांच्या भंगारातली, प्रवाशांच्या वाचायच्या दिव्यांची. स्टुडिओने भंगारातून उचललेल्या या तुकड्यांची मापं पुढे वीस-पंचवीस वर्षांनी लोकांनी मिलिमीटरपर्यंत शोधून काढली. एका पडद्यावरच्या वस्तूचा इतका कसून अभ्यास फार क्वचित झाला असेल.

१९९९ साली ऑस्ट्रेलियाच्या डेव्ह एव्हरेट यांनी आर-टू बनवणाऱ्यांचा क्लब सुरू केला आणि बघता बघता अमेरिकेतली गॅरेजं त्यात आली. तोवर जो तो आपापल्या कोपऱ्यात फोटो मोठे करून मापं काढत बसलेला. आता नकाशे एकमेकांकडे जाऊ लागले, चुका दुरुस्त होऊ लागल्या. सगळे भाग एकट्याने बनवणं कुणालाच परवडत नाही. एकाकडे लेथ, दुसऱ्याकडे लेझरने पत्रा कापणारा ओळखीचा, तिसऱ्याचा हात रेझिनच्या ओतकामात बसलेला. मग एकजण शंभर जणांसाठी घुमट काढतो, दुसरा पाय, तिसरा गुडघ्याच्या टोप्या. उन्हाळ्यात वाड्यातल्या बायका मिळून पापड लाटायच्या, पीठ एकीकडे, लाट्या दुसरीकडे, वाळवण तिसरीच्या गच्चीत, तसाच हा कारभार. नफ्यासाठी विकायचं नाही, हा नियम क्लबने पाळला, आणि मला वाटतं म्हणूनच हक्क राखून असलेल्या लुकासफिल्मने त्यांच्याकडे कधी वाकड्या नजरेने पाहिलं नाही.

नुसता घुमट घ्या. अठरा इंच व्यासाची ॲल्युमिनियमची अर्धगोल टोपी, त्यात त्रिकोणी पॅनेलांच्या खिडक्या कापायच्या. वक्र पत्र्यावर सरळ रेघ मारणं हेच मुळात अवघड. करवत जरा घसरली की पूर्ण टोपी वाया. कापलेल्या कडा कानशीने साफ करायच्या, निळा रंग चढवायचा, मग आतल्या बाजूला बिजागऱ्या आणि छोट्या मोटारी. हा घुमट गरगर फिरला पाहिजे. त्यासाठी अनेकजण वापरतात ती चकती म्हणजे जेवणाच्या टेबलावरच्या फिरत्या ताटाखालची बेअरिंग, हार्डवेअरच्या दुकानात मिळणारी. आता घुमट फिरला तर वरच्या दिव्यांना जाणाऱ्या तारांना पीळ पडणार. त्यावर उपाय स्लिप रिंगचा: कड्यांवरून घासत वीज वर जाते, तार फिरत नाही. सिनेमात दोन पायांच्या रोबोचा घुमट फिरवायला आत केनी बेकर होते. पायाला इलेक्ट्रिक स्कूटरच्या नाहीतर व्हीलचेअरच्या मोटारी, बॅटऱ्या खाली, म्हणजे तोल राहतो. बाकी मग महिनोन्‌महिने लांबी भरणं, पॉलिशपेपर, प्रायमर आणि पुन्हा पॉलिशपेपर.

यांतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. साउथ कॅरोलायनाचे अल्बिन जॉन्सन हे स्टार वॉर्सच्या वेषधारी चाहत्यांच्या ‘५०१ लीजन’चे संस्थापक. त्यांच्या केटी या मुलीला मेंदूचा कर्करोग झाला. झोपलेल्या नायिकेवर आर-टू पहारा देतो हा प्रसंग तिने सिनेमात पाहिला होता. आपल्यालाही तसा राखणदार हवा, असं तिला वाटलं. बहिणीने सुचवलं, तो गुलाबी असावा. आर-टू बनवणाऱ्यांनी काम हाती घेतलं. पण रोबो पुरा व्हायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ नव्हता. तेव्हा एकाने आपला तयार रोबो गुलाबी करून तिच्या भेटीला नेला. ऑगस्ट २००५ मध्ये, सातव्या वर्षी केटी गेली. तिच्या नावाचा ‘आर-टू-के-टी’ पुढच्या वर्षी पुरा झाला आणि तेव्हापासून आजारी मुलांसाठी निधी गोळा करत फिरला. २०१५च्या ‘द फोर्स अवेकन्स’ या खऱ्या चित्रपटातही तो गुलाबी रोबो आहे.

त्याच चित्रपटाच्या वेळी चाक पूर्ण फिरलं. २०१३च्या उन्हाळ्यात जर्मनीत एसेनला स्टार वॉर्सचा मेळा भरला होता. लुकासफिल्मच्या तेव्हाच्या प्रमुख कॅथलीन केनेडी आर-टूवाल्यांच्या दालनात आल्या, रोबो निरखून पाहिले. तिथले ऑलिव्हर स्टीपल्स आणि ली टाउर्सी हे दोघे ब्रिटिश कारागीर, घरी रोबो बनवणारे. नव्या चित्रपटासाठी हवे असू तर आम्ही आहोत, असं त्यांनी म्हटलं, आणि त्याच वर्षअखेर ते खरोखरच लुकासफिल्मच्या नोकरीत लागले. स्टुडिओला आपलाच रोबो नव्याने घडवायला गॅरेजमधली माणसं बोलवावी लागली. याचं मला नवल वाटत नाही. इतकी वर्षं ती मापं, ते सांधे, त्या खोडी रोज हाताळत होतं कोण?

गेल्या दहा-पंधरा वर्षांत कामाची तऱ्हा पालटली. थ्रीडी प्रिंटिंगच्या एका मुख्य पद्धतीचं पेटंट २००९ साली संपलं, घरगुती प्रिंटर स्वस्त झाले, आणि लेथ नसलेला माणूसही आर-टू करू लागला. अमेरिकेतल्या मराठी घरांतली, शाळेत ‘फर्स्ट’ या रोबो-स्पर्धेच्या टीममध्ये असलेली मुलं हे काम सहज करू शकतील अशा पायरीवर आता ते आलं आहे. ॲल्युमिनियमवाले जुने लोक प्रिंटवाल्यांकडे पाहून नाक मुरडतात. मला ते योग्य वाटत नाही. प्रिंटरमधून निघालेल्या भागावरही थरांच्या रेघा असतातच, त्या घासून घालवताना तेवढाच घाम निघतो. शिवाय खरं कसब भाग कशाचा आहे यात नसतं. कॅलिफोर्नियाच्या माइक सेना यांनी उभा केलेला ‘वॉल-ई’ पाहा. २००८च्या त्या सिनेमात वॉल-ई नुसता संगणकावर होता. कॅमेऱ्यापुढे कधी उभाच राहिला नव्हता. भुवया उचलायच्या कशा, मान वाकली तर डोळ्यांचं वजन पेलायचं कसं, हे विचारायला कुणी नव्हतं. सगळं त्यांनाच शोधावं लागलं.

जुन्या-नव्या सगळ्यांना आजही घाम फोडतो तो आर-टूचा तिसरा पाय. दोन पायांवर ताठ उभा असलेला रोबो पोटातून तिसरा पाय खाली सोडतो, मागे रेलतो आणि चालू लागतो. १९७७ साली बहुतेक वेळा हे काम कात्रीने झालं: एका शॉटमध्ये केनी बेकरचा रोबो, पुढच्यात रिमोटचा. घरी कात्री नाही. पाय पुरता खाली येऊन अडकण्याआधीच धड मागे कललं, तर सगळं वजन तोंडावर आपटतं आणि महिन्यांचं रंगकाम जमिनीला लागतं. त्यामुळे कुणी स्क्रूवर सरकणारी दांडी लावतं, कुणी पाय जागेवर बसला की नाही हे सांगणारे स्विच बसवतं, आणि स्विचने होकार दिल्याशिवाय खांद्याची मोटार हलू देत नाही. पहिल्या चाचण्या गादी अंथरून होतात.