चकचकीत नाण्याचा मुका इतिहास

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे अनेक घरांत एक ठरलेले काम होते. कपाटाच्या तळाशी, पितळी डबीत ठेवलेले आजेसासूबाईंच्या वेळचे राणीछाप रुपये बाहेर निघतात. वर्षभरात ते काळवंडलेले असतात. लक्ष्मीपूजनाला असे कळकट नाणे कसे मांडायचे? मग चिंच येते, मीठ येते, कुठे राखुंडी तर कुठे भांडी घासायची पावडर येते आणि दहा मिनिटांत रुपया आरशासारखा लखलखू लागतो. घरातली मंडळी समाधानाने म्हणतात, 'बघा, अगदी नव्यासारखा झाला!'

गंमत अशी की, जुन्या नाण्याच्या बाबतीत 'नव्यासारखा' हा गौरव नव्हेच. हे नाणे एखाद्या जाणकारापुढे ठेवले तर तो हळहळेल. राणीच्या केसांची नक्षी, मुकुटावरची कोरीव रेघ, कडेचे दाते हे सारे दरवर्षीच्या घासण्याने थोडेथोडे झिजलेले असते. ज्या काळपटपणावर आपण चिंच चोळली, तो मळ नव्हताच. चांदीचा हवेतल्या गंधकाशी संयोग होऊन बसलेला तो एक अतिशय पातळ थर होता. तो काढताना प्रत्येक वेळी त्याच्याबरोबर थोडी चांदीही जाते.

चांदीच्या रुपयाच्या लाखो प्रती निघालेल्या असतात. तेव्हा घरच्या एका रुपयाचे नुकसान फार तर त्या घरापुरतेच राहते. परंतु नाणे जमिनीतून निघालेले असेल, ते पंधराशे-दोन हजार वर्षांचे असेल, तर हीच दहा मिनिटांची सफाई इतिहासाचे एक पानच पुसून टाकू शकते. आणि हे पान पुन्हा लिहिता येत नाही.

एका आचाऱ्याचा संयम

इंग्लंडमध्ये मेटल डिटेक्टर घेऊन शेताशेतांतून हिंडणे हा हजारो लोकांचा रविवारचा छंद आहे. शेतमालकाची परवानगी काढायची, कानाला हेडफोन लावायचे आणि यंत्राची चकती जमिनीलगत फिरवत चालत राहायचे. बहुतेक वेळा हाती लागतात ते खिळे, बाटल्यांची झाकणे आणि गंजलेले नाल. पण रोमन साम्राज्याने या बेटावर साडेतीन शतकांहून अधिक काळ राज्य केले असल्याने क्वचित यंत्राचा आवाज निराळाच निघतो.

एप्रिल २०१० मध्ये सॉमरसेट परगण्यातल्या फ्रोम गावाजवळ डेव्ह क्रिस्प नावाच्या गृहस्थाला असाच आवाज आला. हा गृहस्थ व्यवसायाने रुग्णालयातला आचारी. हातभर खणल्यावर त्याला मातीत एक लहानसे नाणे दिसले, मग आणखी काही, आणि त्याखाली मडक्याचा काठ. आता अशा वेळी माणूस काय करील? फावडे घेऊन मडके उपसून काढील, नाही का? क्रिस्पने नेमके उलटे केले. त्याने खणणे थांबवले, खड्डा पुन्हा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना कळवले.

त्यानंतर ॲलन ग्रॅहम या पुरातत्त्वज्ञाने ते मडके जागेवरच उघडे केले. मडके जवळजवळ अर्धा मीटर रुंद होते आणि मातीच्या दाबाने तडकलेले होते. सगळी नाणी एका पोत्यात ओतणे सोपे होते. पण ग्रॅहम यांनी ती थराथराने काढली आणि प्रत्येक थराची नाणी वेगळ्या पिशव्यांत, चिठ्ठी लावून ठेवली. मोजदाद झाली तेव्हा आकडा निघाला ५२,५०३ नाणी! वजन सुमारे १६० किलो. ब्रिटिश म्युझियममध्ये ती नुसती धुऊन वाळवायलाच कित्येक आठवडे लागले. घासून चमकवणे हा हेतूच नव्हता. वरची माती जाऊन नाणे ओळखता आले की पुरे.

या संयमाचे फळ काय मिळाले? ठेव्यातली नाणी इसवी सन २५३ ते ३०५ या काळातली होती. त्यांत साडेसातशेहून अधिक नाणी कॅरॉशियस याची होती. इ. स. २८६ मध्ये रोमविरुद्ध बंड करून ब्रिटनचा स्वतंत्र सम्राट झालेला हा सेनानी. मडके जर वर्षानुवर्षे थोडेथोडे भरत गेले असते, तर त्याची उशिराची नाणी वरच्या थरांत सापडली असती. प्रत्यक्षात त्यांतली बहुसंख्य नाणी मडक्याच्या खालच्या अर्ध्या भागात होती. म्हणजे हे मडके एकाच वेळी भरले गेले असले पाहिजे. शिवाय एवढ्या वजनाने ते पातळ मडके उचलताना फुटलेच असते. तेव्हा ते आधी पुरले असणार आणि मग त्यात नाणी ओतली असणार. पुन्हा काढून न्यायचे धन कोणी असे पुरेल का? की ते एखाद्या दैवताला वाहिलेले होते? या प्रश्नावर अभ्यासक आजही विचार करतात. पण तो प्रश्न विचारता आला, तोच मुळी कोणत्या थरातून कोणते नाणे निघाले याची नोंद होती म्हणून! पोत्यात ओतलेल्या लखलखीत नाण्यांनी एवढे काही सांगितले नसते.

पुढे या ठेव्याची किंमत ३ लाख २० हजार २५० पौंड ठरली, ती रक्कम क्रिस्प आणि जमीनमालक यांच्यात वाटली गेली आणि नाणी टॉन्टन इथल्या सॉमरसेटच्या संग्रहालयात गेली. संयमाचा मोबदला पैशांतही मिळाला, हे सांगायला हरकत नाही.

गंजाच्या आत दडलेला चेहरा

जमिनीतले नाणे घासू नये, यामागचे शास्त्र समजून घेण्यासारखे आहे. सोने मातीत तसेच राहते. त्याला गंज चढत नाही. चांदी काळी पडते. तांबे आणि त्याचे मिश्रधातू मात्र मातीतले पाणी, क्षार आणि हवा यांच्याशी सतत झगडत असतात. या झगड्यात धातूचा वरचा भाग हळूहळू खनिजात बदलतो. आधी तांबूस थर, त्यावर हिरवा थर, त्यावर चिकटलेली माती.

आता मुद्दा असा, की नाणे टाकसाळीतून बाहेर पडले तेव्हाचा त्याचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे राजाचा चेहरा आणि अक्षरे, पुष्कळदा या खनिजाच्या थरांतच शाबूत असतो. खालच्या धातूवर तो उरलेलाच नसतो! आपण लिंबू चोळून किंवा तारेच्या काथ्याने घासून 'खरा धातू' उघडा करतो, तेव्हा त्या थराबरोबर चेहराही निघून जातो. हाती उरतो एक गुळगुळीत, खड्डे पडलेला तांब्याचा तुकडा. फ्रोमच्या ठेव्यातली बरीचशी नाणी तर हिणकस चांदीची होती. नावापुरती चांदी आणि बाकी तांबे. अशा नाण्यावर टिकलेला चांदीचा पापुद्रा आम्लात क्षणभरही तग धरत नाही.

छंदिष्टांमध्ये घरगुती उपाय पुष्कळ चालतात. कोणी नाणे महिनोन् महिने ऑलिव्हच्या तेलात बुडवतात, कोणी मिठाच्या पाण्यात बॅटरीची तार जोडतात. आपल्याकडे खोबरेल तेल लावून ठेवणारे आहेत. तेलातली आम्ले तांब्याशी संयोग पावतात आणि नाणे आणखी हिरवे होते. संग्रहालयातला तज्ज्ञ मात्र सूक्ष्मदर्शकाखाली नाणे धरतो आणि लाकडाच्या टोकदार काडीने किंवा बारीक पात्याने एकेक कण उचलतो. कुठे थांबायचे, हे कळणे हीच त्याची खरी विद्या.

त्याला भीती असते ती मात्र एका वेगळ्याच शत्रूची. तांब्याच्या नाण्यात मातीतले किंवा खाऱ्या हवेतले क्लोराइड शिरले की ते आत दबा धरून बसते. हवेत दमटपणा आला की फिकट हिरवी, पिठूळ बुरशीसारखी पूड बाहेर येऊ लागते. पुसली तरी पुन्हा येते आणि नाणे आतून पोखरले जाते. इंग्रजी जाणकार याला 'ब्राँझचा रोग' म्हणतात. जुना, कठीण आणि गुळगुळीत हिरवा थर हा नाण्याचा रक्षक. ही पिठूळ हिरवी पूड मात्र भक्षक. दोन्ही हिरवेच, पण एक जपायचा आणि दुसरा दिसताच नाणे वेगळे काढून तज्ज्ञाकडे न्यायचे.

जोगळटेंभीचा साक्षीपुरावा

हे सारे दूरदेशीचे वाटत असेल तर आपल्याच नाशिक जिल्ह्यात येऊ. सिन्नर तालुक्यात, गोदावरीकाठी जोगळटेंभी नावाचे गाव आहे. १९०६ मध्ये तेथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सव्वातेरा हजारांहून अधिक नाणी! मुळात ती सारी क्षहरात क्षत्रप नहपान याची. पण त्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर आणखी एक ठसा मारलेला आढळला. तो होता गौतमीपुत्र सातकर्णी याचा. नहपानाचा चेहरा खाली, आणि त्यावर सातवाहन राजाची चिन्हे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील शिलालेखात गौतमीपुत्राने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे त्याच्या आईने, गौतमी बलश्रीने, कोरवून ठेवले आहे. शिलालेख म्हणजे शेवटी विजेत्याची बाजू. त्याला स्वतंत्र साक्ष दिली ती या नाण्यांनी. जित राजाचे चलन ताब्यात घेऊन त्यावर आपला शिक्का उठवणारा राजा त्यांत प्रत्यक्ष दिसतो. आता कल्पना करा, ही नाणी सापडताच कोणी हौसेने घासून काढली असती तर? खालचा अस्पष्ट ठसा आधी गेला असता. सोनाराच्या मुशीत गेली असती तर दोन्ही ठसे गेले असते. महाराष्ट्राच्या इतिहासातला एक महत्त्वाचा सांधा आपण आजही नुसत्या तर्काने जोडत बसलो असतो.

हेच शिवराईचे. 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' ही अक्षरे असलेले हे तांब्याचे नाणे पुढेही दीर्घकाळ पडत राहिले. त्यामुळे अक्षरांचे वळण, टिंबांची मांडणी, मधल्या रेघा यांवरून अभ्यासक त्याचे प्रकार आणि काळ ठरवतात. घासलेल्या शिवराईवर 'शिव' एवढे वाचता आले तरी तिचा काळ सांगणारी टिंबे गेलेली असतात.

सापडले तर काय करावे?

पावसाळ्यात माती धुपली की नांगरटीत किंवा पाया खणताना नाणी वर येतात. अशा वेळी पहिला नियम क्रिस्पचाच. थांबावे, जागा हलवू नये, माती झटकू नये. आपल्याकडे यासाठी १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीची वस्तू सापडली तर काय, कुठे आणि केव्हा सापडले ते जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. दडवून ठेवल्यास शिक्षा होऊ शकते. याउलट, शासनाने ठेवा घेतला तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे. संरक्षित किल्ल्यांवर किंवा स्मारकांच्या आवारात परवानगीवाचून खणणे हा तर गुन्हाच. तेव्हा डिटेक्टर घेऊन गडावर जाण्याचा इंग्रजी छंद आपल्याकडे आणू नये, हे बरे.

घरात वारशाने आलेली नाणी असतील तर पथ्ये साधी आहेत. नाणे नेहमी कडेला धरावे. बोटांच्या घामातले मीठ त्यावर ठसा उमटवते. चांदीच्या नाण्यावर सुटी धूळ असेल तर बॅटरीसाठी मिळते तसल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये ते थोडा वेळ ठेवावे आणि मऊ सुती कापडाने टिपून घ्यावे. टिपावे, पुसू नये. तांब्याचे नाणे भिजवूच नये. आमसूल, चिंच, लिंबू, रांगोळी, दंतमंजन आणि सोनाराचे 'उजळून देणे' या सर्वांना दारातूनच निरोप द्यावा.

साठवणीत आपला खरा वैरी म्हणजे पावसाळा. संग्रहालये तांब्याच्या रोगट नाण्यांसाठी हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या खाली ठेवू पाहतात; मुंबई-कोकणात आषाढ-श्रावणात ती ऐंशीच्या पुढे असते! म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात आणि त्या अधूनमधून बदलाव्यात. मऊ पीव्हीसी प्लॅस्टिकचे अल्बम स्वस्त असतात, पण काही वर्षांनी त्यांतून आम्ल सुटते आणि नाण्यावर हिरवा चिकट लेप येतो. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळणे, रबराने बांधणे हेही टाळावे. आम्लरहित कागदाची पाकिटे सर्वांत बरी.

आणि एक काम मात्र आजच करावे. प्रत्येक नाण्याचे वजन, तिरप्या उजेडात काढलेले दोन्ही बाजूंचे छायाचित्र आणि ते घरात कुठून आले, याची चार ओळींची नोंद. पणजोबांनी कोणत्या गावच्या सावकारीतून ते आणले, पणजीच्या गाठल्यात ते कोणत्या बाजूला ओवलेले होते, हे सांगणारी माणसे आज घरात आहेत. नाणी शतके टिकतील. ही माहिती टिकणार नाही.

राहिला प्रश्न लक्ष्मीपूजनाचा. पूजेसाठी हल्लीचे चांदीचे नाणे घ्यावे, ते हवे तितके लखलखीत करावे. जुना राणीछाप रुपया मात्र आहे तसा, काळपट अंगाने शेजारी ठेवावा. लक्ष्मी त्याच्यावर रुसणार नाही. ती कित्येक हातांतून, कित्येक दुष्काळ-सुकाळांतून आपल्या घरी आली, याचा दाखला त्या काळपटपणातच तर आहे.