चेक भाषेचे उच्चार : अक्षर, कान आणि मोजमाप
लेखमाला : जगातील भाषांचे ध्वनी – लेखांक ९

चेक ही इंडो-युरोपीय कुळाच्या स्लाव्ह शाखेतील, तिच्या पश्चिम गटातली भाषा. पोलिश आणि स्लोव्हाक या तिच्या जवळच्या भाषाभगिनी. सुमारे एक कोटी लोक ती बोलतात आणि त्यांतील बहुतेक चेक प्रजासत्ताकात राहतात. या देशाचे पश्चिमेकडे प्रागसह बोहेमिया आणि पूर्वेकडे बर्नोसह मोराविया असे दोन मोठे ऐतिहासिक भाग आहेत. ईशान्येला सिलेसियाचा एक तुकडा आहे. चेक उच्चारांतील बरेच भेद याच विभागणीला धरून असतात.

चेक भाषा रोमन लिपीत लिहिली जाते. पंधराव्या शतकाच्या आरंभी ‘ऑर्थोग्राफिया बोहेमिका’ हा लॅटिन ग्रंथ लिहिला गेला. तो धर्मसुधारक यान हुस यांचा मानला जातो. एका ध्वनीसाठी दोन-तीन अक्षरे जोडण्याऐवजी एकाच अक्षरावर खूण द्यावी, असे त्यात सुचवले होते. त्यातल्या टिंबाची पुढे उलट्या टोपीसारखी खूण झाली. तिला चेकमध्ये ‘हाचेक’ म्हणतात. स्वराची लांबी दाखवण्यासाठी तिरपी रेघ आली. त्यामुळे लेखन आणि उच्चार यांचा मेळ इंग्रजी किंवा फ्रेंचपेक्षा चेकमध्ये कितीतरी चांगला बसतो. लिहिले तसे वाचायचे, असेच वरवर पाहता वाटते. हा समज कुठे खरा ठरतो आणि कुठे अपुरा पडतो, हे गेल्या शंभराहून अधिक वर्षांच्या संशोधनाने दाखवून दिले आहे.

संशोधनाची वाटचाल

उच्चाराच्या शास्त्रीय अभ्यासाला चेक भूमीत जुनी परंपरा आहे. गायनशिक्षक मानुएल गार्सिया यांनी आरशाच्या साहाय्याने स्वतःचे स्वरयंत्र पाहिले आणि ती निरीक्षणे १८५५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतर काही वर्षांतच प्रागमध्ये जन्मलेले शरीरक्रियाशास्त्रज्ञ यान चेरमाक (१८२८–१८७३) यांनी त्या आरशाच्या तंत्रात सुधारणा करून युरोपभर त्याचा प्रसार केला. आंतोनिन फ्रिंता यांचे आधुनिक चेक उच्चारांवरील पुस्तक १९०९ मध्ये निघाले.

प्रागच्या चार्ल्स विद्यापीठात प्रायोगिक स्वनविज्ञानाचा पाया योसेफ ख्लुम्स्की (१८७१–१९३९) यांनी घातला. पॅरिसमध्ये त्यांनी या शास्त्राचे प्रवर्तक आबे रूस्लो यांच्याबरोबर काम केले होते. काजळी धरलेल्या, फिरत्या नळकांड्यावर श्वासाची आणि स्वरयंत्राची कंपने रेखाटणारे कायमोग्राफ हे त्या काळचे मुख्य साधन होते. चेक भाषेतील स्वरांची लांबी, सूर आणि आघात यांवरचा ख्लुम्स्की यांचा ग्रंथ १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी १९२६ मध्ये बोहुस्लाव हाला आणि पोलांड यांनी चेक ध्वनी उच्चारताना जीभ, टाळू आणि ओठ यांची स्थिती कशी असते हे क्ष-किरण चित्रांतून दाखवले होते.

त्याच वर्षी व्हिलेम माथेसियुस यांच्या पुढाकाराने प्राग भाषावैज्ञानिक मंडळ स्थापन झाले. रोमान याकोब्सन आणि निकोलाय त्रुबेत्स्कोय हे मंडळाचे अग्रणी. ध्वनी कसा निघतो एवढ्यावर न थांबता तो भाषेत कोणते काम करतो, हा प्रश्न मंडळाने मध्यभागी आणला. प्रयोगशाळेतले मोजमाप आणि कार्याचा विचार हे दोन प्रवाह तेव्हापासून चेक संशोधनात शेजारी शेजारी वाहत आले आहेत. झ्देना पाल्कोव्हा यांच्या १९९४ च्या चेक स्वनविज्ञान व स्वनिमविचार या पाठ्यपुस्तकात दोन्हींचा संगम दिसतो.

स्वर : लांबी की रंग?

चेकमध्ये आ, ए, इ, ओ, उ असे पाच ऱ्हस्व स्वर आहेत आणि त्या प्रत्येकाची दीर्घ जोडी आहे. दीर्घ ‘ओ’ मात्र जवळजवळ परक्या शब्दांत आणि उद्गारांतच आढळतो. याशिवाय ‘ओउ’ हा संयुक्त स्वर आहे. लांबीने अर्थ बदलतो : ‘पास’ या शब्दातला ‘आ’ तोकडा ठेवला तर अर्थ पारपत्र आणि लांबवला तर पट्टा. जिभेची जागा दोन्ही वेळा जवळपास तीच असते; वेळ तेवढा बदलतो.

हा भेद मराठी वाचकाने मुद्दाम समजून घेण्याजोगा आहे. मराठी शुद्धलेखनात इ-ई आणि उ-ऊ यांचा भेद काटेकोर पाळला जातो, पण बोलताना या स्वरांची लांबी बहुधा शब्दातल्या त्यांच्या जागेवरून ठरते. चेकमध्ये तशी सवलत नाही. दीर्घ स्वर शब्दाच्या आरंभी, मध्ये किंवा शेवटी कुठेही येऊ शकतो आणि तो तिथे दीर्घच उच्चारावा लागतो.

परंपरेने या सर्व जोड्यांतील फरक केवळ लांबीचा मानला जाई. स्वराचा रंग, म्हणजे त्याची गुणवत्ता, मोजण्यासाठी ध्वनिलहरीतील विशेष बळकट पट्टे पाहतात. त्यांना फॉर्मंट म्हणतात. तोंड जितके उघडे तितका पहिला फॉर्मंट वर जातो आणि जीभ जितकी पुढे तितका दुसरा. असे मोजल्यावर दिसते की बोहेमियातील ऱ्हस्व ‘इ’ हा दीर्घ ‘ई’पेक्षा बराच सैल आणि खालच्या जागेवरून निघतो.

पॉडलिप्स्की, स्कार्निट्झल आणि व्होलीन यांनी २००९ मध्ये या जोडीचा उच्चार आणि आकलन दोन्ही तपासले. अनेक चेक श्रोत्यांसाठी स्वराचा रंग ही लांबीइतकीच, किंबहुना तिच्याहून अधिक भरवशाची खूण ठरत असल्याचे त्यांना आढळले. उच्चारातही ‘इ’ आणि ‘ई’ यांच्या लांबीतला फरक इतर जोड्यांच्या मानाने पुष्कळ कमी निघाला. रंगाने काम भागत असल्यामुळे लांबीवरचा भार उतरला, असा त्याचा अर्थ. मोरावियात चित्र वेगळे आहे. तिथे दोन्ही स्वरांचा रंग जवळचा असतो आणि श्रोते लांबीवरच विसंबतात. म्हणजे एकाच शुद्धलेखनाखाली, एकाच भाषेत, एकच भेद दोन निरनिराळ्या खुणांनी ओळखला जातो. ईशान्येकडील ओस्त्रावाच्या परिसरात तर बोलीत स्वरांची लांबीच नाहीशी झाली आहे.

पहिल्या अक्षरावरचा आघात

चेकमध्ये आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर असतो, हा नियम प्रत्येक पाठ्यपुस्तकात सापडतो. एका अक्षराचे शब्दयोगी अव्यय शब्दाआधी आले तर आघात बहुधा त्यावर सरकतो. ‘प्रागला’ या अर्थी ‘दो प्राही’ म्हणताना तो ‘दो’वर येतो आणि दोन्ही शब्द मिळून एकच उच्चारगट होतो. ईशान्येकडील काही बोलींत मात्र पोलिशप्रमाणे उपान्त्य अक्षरावर आघात असतो.

याकोब्सन यांनी १९२३ मध्ये चेक छंदावरील पुस्तकात चेक आणि रशियन यांची तुलना केली. रशियनमध्ये आघाताची जागा बदलली की शब्दाचा अर्थ बदलू शकतो. चेकमध्ये जागा ठरलेली असल्याने आघाताने अर्थभेद होत नाही. नवा शब्द सुरू झाला, एवढेच तो सांगतो. त्रुबेत्स्कोय यांच्या मरणोत्तर, १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात अशा सीमादर्शक खुणांना स्वतंत्र स्थान मिळाले.

प्रयोगशाळेतला निष्कर्ष त्याहून विचार करायला लावणारा आहे. आघात असलेले अक्षर अधिक जोरकस, अधिक लांब आणि अधिक उंच सुराचे असावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. चेकमध्ये मोजमाप केले की यांपैकी काहीच ठामपणे हाती लागत नाही. पुष्कळदा आघातानंतरच्या अक्षराचाच सूर वर चढलेला असतो. स्कार्निट्झल आणि एरिक्सन यांच्या २०१७ च्या अभ्यासातही आघात असलेले स्वर ध्वनिदृष्ट्या उठून दिसले नाहीत. श्रोत्याला शब्दाची सुरुवात कळते ती एखाद्या अक्षराच्या जोरावरून नव्हे, तर सगळ्या उच्चारगटाच्या सुराच्या घडणीवरून.

याचा आणखी एक परिणाम लक्षात घ्यावा. आघात आणि लांबी ही चेकमध्ये दोन स्वतंत्र कामे आहेत. ‘चांगला’ या अर्थाच्या ‘दोब्री’ या शब्दात आघात पहिल्या, ऱ्हस्व अक्षरावर आणि लांबी दुसऱ्या, आघातहीन अक्षरावर असते. इंग्रजीची सवय असलेला परदेशी विद्यार्थी आघाताचा स्वर लांबवतो आणि बाकीचे स्वर पुसट करतो. चेक कानाला त्यामुळे वेगळाच शब्द ऐकू येऊ शकतो.

व्यंजने : ओळखीची आणि अनोळखी

मराठी माणसाला चेक व्यंजनांतली काही पहिल्यापासून जमतात. ‘चाक’ आणि ‘चार’ यांत आपण ‘च’चे दोन उच्चार करतो, पण लिहितो एकाच अक्षराने. चेकमध्येही जवळपास हेच दोन ध्वनी आहेत. तिथे त्यांना स्वतंत्र अक्षरे आहेत. चेक ‘ह’ हा मराठी ‘ह’सारखाच घोष, म्हणजे स्वरतंतू कंपित ठेवून निघणारा आहे; इंग्रजी ‘ह’ बहुधा अघोष असतो. त्याच्या शेजारी उर्दू ‘ख़’सारखा एक घर्षक आहे आणि चेक भाषा या दोघांना घोष-अघोष जोडी मानून वागवते. टाळूला जीभ टेकवून काढलेले मृदू ‘त’, ‘द’, ‘न’ मात्र शिकावे लागतात.

स्वराशिवायची अक्षरे हे चेकचे आणखी एक वैशिष्ट्य. ‘र्’ आणि ‘ल्’ हे स्वतःच अक्षराचा गाभा होतात. बोटाला ‘प्र्स्त’, मानेला ‘क्र्क’, लांडग्याला ‘व्ल्क’ म्हणतात आणि या शब्दांत एकही स्वर नाही. संस्कृत व्याकरणातील ऋ आणि लृ यांचे मूळ स्वरूप असेच होते. ‘व्ल्क’ आणि संस्कृत ‘वृक’ हे एकाच मूळ शब्दापासून आले आहेत. मराठीत ऋ चा उच्चार आता ‘रु’ होतो, चेकने मात्र अशी अक्षरे जिवंत ठेवली आहेत.

सर्वांत प्रसिद्ध ध्वनी म्हणजे हाचेक असलेला ‘र’. संगीतकार द्वोर्झाक यांच्या नावात तो येतो. मराठीत तो ‘र्झ’ असा लिहितात, पण ‘र’ नंतर ‘झ’ असा हा क्रम नाही. जिभेचे टोक दातांमागच्या कडेवर थरथरत असताना जीभ नेहमीच्या ‘र’पेक्षा अधिक वर उचललेली असते. त्यामुळे अरुंद फटीतून हवा घासत जाते आणि कंपन व घर्षण एकाच वेळी घडतात. ध्वनिचित्रात कंपनाचे खंड आणि वरच्या पट्ट्यातला गोंगाट एकावर एक दिसतात. शेजारी अघोष व्यंजन असेल किंवा शब्द तिथेच संपत असेल, तर हा ध्वनीही अघोष होतो.

तेराव्या शतकाच्या सुमारास मृदू ‘र’पासून तो घडला. पोलिशमध्येही एकेकाळी असाच ध्वनी होता, पण त्यातले कंपन गळून केवळ घर्षण उरले. जगातील भाषांत तो अत्यंत विरळा आहे. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीत त्याच्यासाठी असलेले स्वतंत्र चिन्ह १९८९ मध्ये मागे घेण्यात आले. आता ‘र’च्या चिन्हाखाली जीभ उंचावल्याची खूण देतात. चेक मुलांना बहुधा हाच ध्वनी सर्वांत शेवटी साधतो आणि वाचादोष-उपचारकांचा बराच वेळ त्यावर जातो.

घोषत्वाची देवघेव

लेखन आणि उच्चार यांत सर्वाधिक अंतर पडते ते घोषत्वाच्या बाबतीत. शब्दाच्या शेवटी घोष व्यंजन अघोष होते. बर्फ या अर्थाचा ‘लेद’ आणि उड्डाण या अर्थाचा ‘लेत’ हे दोन्ही शब्द ‘लेत’ असेच ऐकू येतात. विभक्तिप्रत्यय लागून पुढे स्वर आला की भेद पुन्हा उघड होतो. मराठीत ‘बाग’ आणि ‘बाक’ असे एकरूप होत नाहीत, म्हणून मराठी भाषकाला इकडे विशेष लक्ष द्यावे लागते.

व्यंजने लगत आली तर बहुधा पुढचे मागच्याला आपल्यासारखे करते. ‘कुठे’ या अर्थी लिहितात ‘क्दे’, म्हणतात ‘ग्दे’. ‘व’ मात्र स्वतः अघोष होतो, पण मागच्या व्यंजनाला घोष करत नाही. निरोपाच्या नेहमीच्या शब्दात ‘स’ आणि ‘ह’ एकत्र येतात. तिथे बोहेमियात ‘ह’ अघोष होऊन ‘स्ख़’ ऐकू येतो, तर मोरावियात ‘स’ घोष होतो.

शब्दारंभीच्या स्वरापूर्वी कंठद्वार क्षणभर मिटते. या स्पर्शाला चेकमध्ये ‘रास’ म्हणतात. बोहेमियात तो अधिक आढळतो आणि त्यामुळे आधीचे अव्यय अघोष होते. ‘खिडकीतून’ हा शब्द तिथे ‘स ओक्ना’, मोरावियात ‘ज़ ओक्ना’ असा ऐकू येतो.

प्रमाण आणि प्रत्यक्ष

प्रमाण उच्चारांचे मार्गदर्शक पुस्तक हाला यांच्या नेतृत्वाखाली १९५५ मध्ये निघाले. पण बोहेमियात घराघरांत चालणारी ‘सामान्य चेक’ त्याहून वेगळी आहे. ‘दोब्री’चे तिथे ‘दोब्रेय’ होते, ‘ओक्नो’चे ‘व्होक्नो’ होते. अशी बोली नोंदवण्यासाठी १९९४ मध्ये स्थापन झालेल्या चेक राष्ट्रीय भाषासंग्रह संस्थेने अनौपचारिक संभाषणांचे संग्रह तयार केले आहेत. त्यांतील ‘ऑर्टोफॉन’ या संग्रहात ध्वनिलेखनही दिलेले आहे. पिल्ज़ेनच्या पश्चिम बोहेमिया विद्यापीठात संगणकाकडून चेक बोलवून घेण्याचे काम चालते. त्या कामाला स्वरांची लांबी, घोषत्व आणि सुराची घडण यांचे नेमके नियम लागतात.

एकूण पाहता, चेक लेखनपद्धती उत्तम असूनही तिच्यात आघात नोंदला जात नाही, घोषत्वाचे बदल दिसत नाहीत आणि स्वराच्या रंगातला भेद लांबीच्या रेघेखाली झाकला जातो. चेक शिकू पाहणाऱ्याने म्हणून पुस्तकाच्या जोडीला ध्वनिमुद्रणे पहिल्या दिवसापासून ऐकावीत आणि आघात असो वा नसो, दीर्घ स्वराची लांबी कधीही सोडू नये.