खेळाडूंचा पाठीराखा : क्रीडा ट्रेनर

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरुळच्या डॉ. डी. वाय. पाटील क्रीडागारात भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी नमवले आणि एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या जल्लोषात चाकाच्या खुर्चीत बसलेली एक खेळाडू साऱ्या देशाने पाहिली. सलामीची फलंदाज प्रतीका रावल हिला अवघ्या आठवडाभरापूर्वी, २६ ऑक्टोबर रोजी, याच मैदानावर बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना पायाला दुखापत झाली होती आणि तिची स्पर्धा तेथेच संपली होती. खेळाडू कोसळला की खांद्याला पिशवी लावून सीमारेषेकडून धावत येणारी माणसे आपण दूरचित्रवाणीवर नेहमी पाहतो. त्यांची नावे मात्र आपल्याला ठाऊक नसतात. खेळाडूला उचलायचे की तिथेच पडू द्यायचे, त्याने पुढे खेळायचे की नाही, परत मैदानात उतरायचे ते कधी, हे निर्णय ज्यांच्या सल्ल्याने होतात, त्या माणसांच्या व्यवसायाचा हा परिचय.

नेरुळपासून फार दूर नसलेल्या कळंबोलीत या व्यवसायाची गरज वेगळ्या रूपाने दिसते. लोखंड बाजार आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचा आरंभ यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या सिडको वसाहतीत, रोडपाली येथे नवी मुंबई पोलिसांचे मुख्यालय आहे. पोलीस भरतीची मैदानी चाचणी म्हणजे पुरुषांसाठी १६०० मीटर धावणे, महिलांसाठी ८०० मीटर, शिवाय दोघांसाठीही १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. अशा एकूण ५० गुणांच्या या चाचणीसाठी गावोगावची मुलेमुली वर्षानुवर्षे तयारी करतात. पहाटेच्या अंधारात, काँक्रीटच्या रस्त्यावर, झिजलेल्या बुटांनी. यांतील कितीतरी जणांची नडगी ऐन चाचणीच्या तोंडावर दुखू लागते आणि ‘पळत राहा, आपोआप बरे होईल’ हा सल्ला त्यांना मिळतो. एका भरतीची संधी हुकली की पुढची जाहिरात येईपर्यंत वयाची अट जवळ आलेली असते. अशा वेळी योग्य सल्ला देणारा जाणकार माणूस जवळ असणे ही चैन नव्हे, हे सांगायला नको.

नाव एक, कामे अनेक

‘ट्रेनर’ या शब्दाने आपल्याकडे बराच घोळ घातला आहे. व्यायामशाळेत वजने उचलायला शिकवणाऱ्यालाही ट्रेनर म्हणतात आणि खेळाचे डावपेच शिकवणाऱ्या प्रशिक्षकालाही कधीकधी तेच नाव मिळते. अमेरिकेत मात्र ‘अ‍ॅथलेटिक ट्रेनर’ ही आरोग्यसेवेतील स्वतंत्र शाखा आहे. तेथील ट्रेनरांची राष्ट्रीय संघटना १९५० मध्ये स्थापन झाली. १९९० मध्ये अमेरिकन वैद्यकीय संघटनेने या व्यवसायाला मान्यता दिली आणि आता नव्याने येणाऱ्यांसाठी पदव्युत्तर शिक्षण आवश्यक झाले आहे. दुखापत टाळणे, मैदानावर प्रथमोपचार करणे, इजेची प्राथमिक पारख करणे आणि खेळाडूला पुन्हा खेळण्याजोगे करणे ही सारी कामे तिथे एकाच व्यक्तीकडे असतात.

भारतात अशी परवानाधारक स्वतंत्र शाखा नाही. आपल्याकडे हेच काम तिघाचौघांत वाटले गेले आहे. इजेची पारख आणि उपचार फिजिओथेरपिस्टकडे, ताकद व दमसास वाढवणे ट्रेनरकडे, स्नायू मोकळे करणे मसाजरकडे आणि औषधोपचार क्रीडावैद्यकाकडे. मोठ्या संघांत ही सारी माणसे असतात. जिल्हा पातळीवर मात्र एकाच माणसाला हे सर्व पाहावे लागते. म्हणूनच या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्याने आपले काम कोणते आणि आपल्या अधिकाराची मर्यादा कोणती, हे आरंभीच समजून घेतले पाहिजे.

खाशाबांच्या कुस्तीतील धडा

महाराष्ट्राला ही कल्पना अगदीच नवी नाही. कोल्हापूरच्या तालमींतील वस्ताद पठ्ठ्याच्या खुराकापासून मालिशीपर्यंत सारे पाहत असे. परंतु स्पर्धेच्या ठिकाणी खेळाडूच्या शरीराची बाजू मांडणारा माणूस हवा, हा धडा कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी फार मोठी किंमत देऊन आपल्याला दिला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या शोहाची इशी याच्याशी दीर्घ झुंज दिल्यावर त्यांना लगेचच सोव्हिएत मल्ल रशीद ममदबेकोव्ह याच्याविरुद्ध उतरवण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती देण्याचा नियम होता, पण तो सांगून हट्टाने अमलात आणायला लावणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा ती कुस्ती हरले. स्वतंत्र भारताला त्यांनी पहिले वैयक्तिक पदक मिळवून दिले, ते कांस्य होते. विश्रांती मिळाली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मराठी क्रीडारसिकांच्या मनातून अद्याप गेलेला नाही.

कामाचे स्वरूप

ट्रेनरचा दिवस खेळाडूंच्या आधी सुरू होतो आणि त्यांच्यानंतर संपतो. मैदान पाहणे, खड्डे व ओल तपासणे, पाणी आणि बर्फाची सोय करणे, जवळचे रुग्णालय व रुग्णवाहिका यांची माहिती हाताशी ठेवणे हे पहिले काम. त्यानंतर सरावापूर्वीची शरीराची तयारी. फुटबॉलसाठी आखलेल्या ‘फिफा ११ प्लस’ या वीस मिनिटांच्या व्यायामक्रमाने दुखापतींचे प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने वा त्याहूनही अधिक घटते, असे अभ्यासांतून दिसले आहे. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी असलेला ‘नॉर्डिक’ व्यायाम नियमित केल्यास त्या स्नायूच्या इजा जवळजवळ निम्म्यावर येतात. या दोहोंनाही महागडी यंत्रे लागत नाहीत. लागते ते सातत्य, आणि ते करवून घेणारा माणूस.

दुसरे काम इजेची पारख. नडगीचेच उदाहरण घेऊ. हाडाच्या आतल्या कडेने लांबवर पसरलेले दुखणे बहुधा अतिश्रमाचे असते. धावणे कमी केले, मऊ जमिनीवर सराव केला आणि पोटरीची ताकद वाढवली की ते शमते. पण बोटाच्या पेराएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, रात्री अंथरुणातही ठणका लागत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. सुरुवातीच्या दिवसांत असा तडा साध्या क्ष-किरण चित्रात अनेकदा दिसतही नाही. अशा मुलाला धावायला लावणे म्हणजे तडा गेलेल्या हाडाचे दोन तुकडे होण्याची वाट पाहणे होय. मुरगळलेल्या घोट्याचेही तसेच. आपल्या घरांत पाय लगेच चोळण्याची किंवा ओढून ‘बसवण्याची’ रीत आहे. ताज्या इजेत त्याने सूज वाढते आणि हाड मोडलेले असल्यास अधिकच हानी होते. पट्टी बांधून आधार देणे, पाय उंचावर ठेवणे आणि चार पावलेही टाकता येत नसतील तर तपासणीसाठी पाठवणे, हा सुरक्षित मार्ग.

तिसरे काम जिवावरच्या प्रसंगाचे. २ जानेवारी २०२३ रोजी अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात बफेलो संघाचा डॅमर हॅमलिन हा खेळाडू छातीवर आघात होऊन मैदानावरच हृदयक्रिया बंद पडून कोसळला. संघाचा सहायक ट्रेनर डेनी केलिंग्टन याने तत्काळ छातीवर दाब देण्यास सुरुवात केली. हॅमलिन वाचला आणि त्याच वर्षी पुन्हा खेळू लागला. अशा वेळी उपचाराविना गेलेला प्रत्येक मिनिट जगण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी कमी करतो. उन्हाचेही भान तितकेच हवे. एप्रिल २०२३ मध्ये कळंबोलीशेजारच्या खारघर येथील भर उन्हातील सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जणांचे प्राण गेले. ते क्रीडांगण नव्हते, पण याच हवेत आपली मुले धावतात. उष्माघात झालेल्या खेळाडूला आधी गार पाण्याने थंड करावे आणि मग रुग्णालयात न्यावे, हा क्रम प्रत्येक ट्रेनरला पाठ असावा लागतो.

‘नाही’ म्हणण्याचे धैर्य

या व्यवसायातील सर्वांत अवघड भाग पुस्तकात सापडत नाही. अंतिम सामना असतो, प्रशिक्षकाला आपला भरवशाचा चढाईपटू हवा असतो, खेळाडूलाही खेळायचेच असते आणि गुडघा मात्र तयार नसतो. गुडघ्यातील अस्थिबंधाच्या शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांच्या आत परतणाऱ्या खेळाडूंना पुन्हा तीच इजा होण्याचा धोका लक्षणीय वाढतो, हे आता सिद्ध झाले आहे. कबड्डीवेड्या रायगड जिल्ह्यात चढाई करताना पाय अडकून गुडघा फिरणे ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. अशा वेळी ट्रेनरचे मानधन संघ देतो, पण त्याचे उत्तरदायित्व खेळाडूच्या शरीराशी असते. हा ताण ज्याला पेलणार नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

औषधांच्या बाबतीतही हीच दक्षता लागते. मुंबईचा फलंदाज पृथ्वी शॉ याच्यावर २०१९ मध्ये आठ महिन्यांची बंदी आली, ती खोकल्याच्या औषधांत सापडणाऱ्या टर्ब्युटलिन या निषिद्ध द्रव्यामुळे. डब्यांतून मिळणाऱ्या पूरक आहारांत काय मिसळलेले असते, याची तर खात्रीच देता येत नाही. ‘हे घेतले तर चालेल का?’ हा प्रश्न खेळाडू प्रथम ट्रेनरला विचारतो, आणि त्याने अंदाजाने उत्तर देता कामा नये.

शिक्षणाच्या वाटा

या क्षेत्राकडे जाणाऱ्या मुख्यतः दोन वाटा आहेत. पहिली फिजिओथेरपीची. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र हे विषय घेऊन ‘नीट’ परीक्षेमार्गे या पदवीला प्रवेश घेता येतो. आजवर साडेचार वर्षांचा असलेला हा अभ्यासक्रम राष्ट्रीय आयोगाच्या नव्या आराखड्यानुसार आंतरवासितेसह पाच वर्षांचा होत आहे. पुढे दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी क्रीडा शाखेतून घेता येते. कळंबोलीकरांच्या दृष्टीने सोयीची गोष्ट अशी की, शेजारच्या कामोठ्यात एमजीएमचे आणि नेरुळला डी. वाय. पाटील यांचे फिजिओथेरपी महाविद्यालय आहे. पदवीनंतर परिषदेकडे नोंदणी केल्याशिवाय उपचार करता येत नाहीत.

दुसरी वाट शारीरिक शिक्षण आणि क्रीडाशास्त्राची. अमरावतीचे, १९१४ मध्ये स्थापन झालेले श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ, ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आणि पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था ही या वाटेवरील जुनी व मान्यवर नावे. पदवीनंतर ताकद व क्षमता प्रशिक्षणाची आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र परीक्षाही देता येते. मात्र या वाटेने आलेल्यांनी इजेवर उपचार करू नयेत. ती शंका ओळखून योग्य व्यक्तीकडे सोपवावी. चार दिवसांच्या शिबिरात मिळणाऱ्या प्रमाणपत्रांवर विसंबून कोणाच्याही शरीराची जबाबदारी घेणे धोक्याचे आहे. दोन्ही वाटांवर जीवरक्षणाचे प्रशिक्षण घेऊन ठरावीक काळाने ते नव्याने करणे अनिवार्य मानावे.

संधी आणि वास्तव

रणजी संघांपासून प्रो कबड्डीच्या संघांपर्यंत आता ट्रेनर व फिजिओ असतात. भारतीय क्रीडा प्राधिकरण, पुण्यातील लष्कराची क्रीडा संस्था, ‘ऑलिंपिक गोल्ड क्वेस्ट’सारख्या संस्था, क्रीडा अकादमी, शाळा आणि खासगी क्रीडा चिकित्सालये येथे ही पदे निर्माण झाली आहेत. महिला खेळाडूंची संख्या वाढत असल्याने महिला ट्रेनरांची निकड तर विशेष आहे. असे असले तरी नेमणुका बहुधा कंत्राटी आणि हंगामापुरत्या असतात. पहिली काही वर्षे रुग्णालयातील नोकरी सांभाळून सायंकाळी मैदानावर अल्प मानधनात काम करावे लागते. सणवार प्रवासात जातात. संघ हरला की सहायक मंडळी आधी बदलली जातात. झगमगाट पाहून येणाऱ्यांचा येथे लवकर हिरमोड होतो.

आणखी एक क्षेत्र आपल्याकडे दुर्लक्षित आहे. अमेरिकेत कारखाने आणि गोदामांतही ट्रेनर नेमले जातात. वजन उचलण्याची पद्धत, कामाआधीची शरीराची तयारी, कंबरदुखी बळावण्यापूर्वी तिची दखल हे तेथील त्यांचे काम. कळंबोलीच्या लोखंड बाजारात ओझी वाहणारा माथाडी कामगार कोणत्याही मल्लाइतकाच शरीरावर जगतो. त्याच्या कंबरेची काळजी घेणारा ट्रेनर तेथे आला, तर या विद्येचे सार्थक होईल.

तूर्त सुरुवात साधी असू शकते. पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या प्रत्येक गटाने आठवड्यातून एक दिवस तरी प्रशिक्षित फिजिओला मैदानावर बोलवावे. धावण्याचे अंतर टप्प्याटप्प्याने वाढवावे, विश्रांतीचा दिवस पाळावा आणि एका जागी ठणकणाऱ्या हाडाकडे डोळेझाक करू नये. खाशाबांच्या बाजूने बोलायला १९५२ मध्ये कोणी नव्हते. रोडपालीच्या मैदानावर उद्या उतरणाऱ्या मुलामुलींच्या बाजूने बोलायला तरी कोणी असावे.