मत्स्यपेटीतील गोगलगायी आणि गावाचे पाणी

शोभेचे मासे पाळण्याचा छंद आता मोठ्या शहरांपुरता मर्यादित राहिलेला नाही. अनेक शाळांतून व कार्यालयांतूनही काचेच्या मत्स्यपेट्या दिसतात. पेटी मांडल्यावर काही आठवड्यांतच काचेवर बारीक गोगलगायी फिरू लागतात आणि पाहता पाहता त्यांची संख्या शेकड्यांवर जाते. त्यांचे काय करावे, असा प्रश्न मग पडतो.

या गोगलगायी बहुधा विकत आणलेल्या पाणवनस्पतींबरोबर येतात. पानांच्या मागील बाजूस त्यांच्या अंड्यांचे पारदर्शक, बुळबुळीत पुंजके चिकटलेले असतात. फायसा, लिम्निया यांसारख्या जातींमध्ये नर व मादी ही दोन्ही अंगे एकाच जीवात असतात. त्यामुळे एखादीच गोगलगाय शिरली, तरी तिच्यापासून प्रजा वाढू शकते.

वाढीचे मूळ

गोगलगायी उरलेले खाद्य, शेवाळ आणि कुजकी पाने यांवर जगतात. त्या बेसुमार वाढल्या, तर माशांना गरजेपेक्षा अधिक खाद्य पडत आहे, असे समजावे. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य घालावे, तळाचा गाळ नळीने काढावा आणि सडकी पाने वेचावीत.

रात्री कोबीचे उकडलेले पान पेटीत सोडावे. सकाळी त्यावर गोगलगायी जमलेल्या आढळतात. त्या पानासकट बाहेर काढाव्यात. हा क्रम काही दिवस चालू ठेवल्यास संख्या आटोक्यात येते. नवी वनस्पती पेटीत लावण्यापूर्वी दोन-तीन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावी व दिसतील ते पुंजके खरवडून टाकावेत.

बोर्डो मिश्रणासाठी ग्रामीण भागात मोरचूद सहज मिळते. ते पेटीत टाकण्याचा मोह मात्र टाळावा. मोरचुदाने गोगलगायी मरतात हे खरे. परंतु तांबे माशांनाही विषारी असते आणि एकाच वेळी मेलेल्या गोगलगायी कुजून पाणी नासते.

विहिरीत वा तळ्यात सोडू नका

काढलेल्या गोगलगायी ओढ्यात अथवा तळ्यात सोडून देणे अनेकांना भूतदयेचे वाटते. यातच खरा धोका आहे. गुरांच्या यकृतात शिरणारे चपटे कृमी आपल्या वाढीचा एक टप्पा लिम्निया गोगलगायीच्या शरीरात पूर्ण करतात. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी येथे माणसांच्या मूत्रमार्गाचा कृमिरोग १९५२ साली नोंदला गेला. त्याच्या प्रसाराशी फेरिसिया या गोड्या पाण्यातील चिमुकल्या गोगलगायीचा संबंध जोडण्यात आला. स्वच्छ पेटीतील गोगलगाय रोग घेऊन येतेच असे नाही. तथापि कृमींना आश्रय देणारी जात तळ्यात रुजली, तर रोगाला वाट मिळते.

शेतीचीही अशीच हानी होऊ शकते. दक्षिण अमेरिकेतील सोनेरी गोगलगाय १९८० च्या सुमारास खाद्य म्हणून तैवानमध्ये नेण्यात आली. ती मोकळ्या पाण्यात पसरली आणि पुढे फिलिपिन्स, व्हिएतनाम आदी देशांत भाताची कोवळी रोपे तिच्या भक्ष्यस्थानी पडली.

म्हणून काढलेल्या गोगलगायी उकळत्या पाण्यात टाकून मग खड्ड्यात पुराव्यात. पेटीचे पाणी ओढ्यात न सोडता ओढ्यापासून दूर झाडांच्या आळ्यात ओतावे व नंतर हात साबणाने धुवावेत. शिक्षकांनी ही दक्षता विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावी आणि पंचायत सदस्यांनी गावच्या तळ्यात पेटीतील जीव टाकले जाऊ नयेत, याकडे लक्ष पुरवावे.